दगडी हातांची साक्ष

संस्कृत नाटकांतील एखादें वाक्य मूळ प्रसंगापासून सुटून सुभाषितसंग्रहांत जाऊन बसलें, कीं तें कोणाच्या तोंडचें होतें आणि कोणत्या हेतूनें उच्चारलें गेलें होतें, याची चौकशी पुढें कोणी करीत नाहीं. कपटी पात्राचें बोलणें कवीचा उपदेश म्हणून पाठ होतें, आणि शंकेनें काढलेले उद्गार सिद्धान्त म्हणून मिरवूं लागतात. विसाव्या शतकांतील इंग्रजी काव्यांत हें भाग्य, किंवा हें दुर्भाग्य, ज्या एका ओळीच्या वांट्यास विशेष आलें, ती फिलिप लार्किन या कवीच्या ‘ॲन ॲरंडल टूम’ या कवितेची अखेरची ओळ होय. मनुष्यामागें काय उरतें, या प्रश्नाला त्या ओळींत ‘प्रेम’ हें उत्तर आहे. ती लग्नसमारंभांत वाचली जाते, मृतांच्या स्मरणार्थ म्हटली जाते. आणि २ डिसेंबर २०१६ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींतील कविजनांच्या कोपऱ्यांत लार्किनच्या नांवाच्या शिळेचें अनावरण झालें, तेव्हां त्या शिळेवर याच कवितेच्या शेवटच्या दोन ओळी कोरलेल्या होत्या.

दगड माणसांविषयीं काय सांगतो आणि काय लपवितो, हाच ज्या कवितेचा विषय, तिचा शेवटच दगडावर कोरला जावा, ही मोठी गंमत आहे. शिळा बसविणारांनीं शेवटच्या ओळीआधींची ओळहि सोबत घेतली, हें त्यांचें रसिकत्व. कारण त्या आधींच्या ओळींत कवीनें आपल्या विधानाला दोनदां लगाम घातला आहे. सामान्य वाचक एवढी काळजी घेत नाहीं. वर्गांत ही कविता शिकवितांना मी पाहतों, कीं विद्यार्थी शेवटची ओळ वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतात आणि उरलेल्या एकेचाळीस ओळी परीक्षेपुरत्या ठेवतात. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. ओळ खरोखरच सुंदर आहे. परंतु ती खरी आहे काय, स्वतः कवीला ती खरी वाटत होती काय, आणि ज्या थडग्यानें ती सुचविली तें थडगें तिला कितपत दुजोरा देतें, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखांत त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम थडग्याकडे वळूं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक, ससेक्स प्रांतांत, चिचेस्टर नांवाचें जुनें शहर आहे. तेथील कॅथीड्रलच्या सभामंडपाच्या उत्तर बगलेंत, चौथऱ्यावर दोन पूर्णाकृति दगडी मूर्ति उताण्या निजलेल्या दिसतात. एक चिलखत ल्यालेला सरदार आणि एक पायघोळ वस्त्र परिधान केलेली स्त्री. त्याच्या पायाशीं सिंह आहे, तिच्या पायाशीं लहानसा कुत्रा. त्यानें उजव्या हाताचा लोखंडी हातमोजा काढून डाव्या हातांत धरला आहे, आणि त्या मोकळ्या उजव्या हातांत तिचा उजवा हात घेतला आहे. तीहि किंचित् त्याच्याकडे वळलेली आहे. हा सरदार म्हणजे ॲरंडलचा अर्ल रिचर्ड फिट्झॲलन आणि ही स्त्री म्हणजे त्याची दुसरी पत्नी एलिनॉर, असें मानतात. ती १३७२ सालीं वारली, तो १३७६ सालीं. दोघांचें दफन लुइस येथील क्लूनी पंथाच्या मठांत झालें होतें. आठव्या हेन्रीच्या अमदानींत इंग्लंडांतील मठ मोडले गेले. १५३७ सालीं लुइसचा मठहि गेला, आणि त्यानंतर केव्हां तरी या मूर्तींनीं चिचेस्टरास आश्रय घेतला, असा समज आहे.

लार्किननें हें थडगें १९५५-५६ च्या हिवाळ्यांत पाहिलें. फेब्रुवारी १९५६ मध्यें कविता पुरी झाली, आणि १९६४ सालच्या ‘द व्हिट्सन वेडिंग्ज’ या संग्रहांत त्यानें ती सर्वांत शेवटीं ठेवली. सहा सहा ओळींचीं सात कडवीं, ओळी आखूड, चार आघातांच्या. यमकांची रचना अशी, कीं मधल्या दोन ओळींचें यमक लगेच जुळतें, पण पहिल्या ओळीचें यमक पांचव्या ओळीपर्यंत आणि चौथीचें सहाव्या ओळीपर्यंत वाट पाहत राहतें. या थांबण्याचा अर्थाशीं संबंध आहे. कवितेचा आरंभ एका उदासीन प्रवाशाच्या नजरेनें होतो. झिजलेले चेहरे, जुन्या काळचा पोशाख, पायाशीं बसविलेल्या प्राण्यांचें थोडें हसूं येणें. आणि मग एकदम ते हात दिसतात. नजर अडते. येथून कवि विचारांत शिरतो. या दांपत्याला असें कायमचें हात धरून पडून राहावयाचें होतें काय? ही तर शिल्पकारानें, आप्तमित्रांच्या संतोषासाठीं, जातां जातां केलेली एक शोभा असेल! नांवें टिकावींत एवढाच मूळ हेतु असेल. पण पुढें काळ वाहूं लागतो. चौथ्या कडव्यापासून वाक्यें कडव्याच्या कांठाशीं थांबत नाहींत, पुढच्या कडव्यांत वाहून जातात; आणि त्या ओघांत हिमवर्षाव, ऊन, पांखरांचे आवाज आणि पिढ्यांमागून पिढ्या येणारे प्रेक्षक हे सारे येऊन जातात. हे प्रेक्षक नांवें वाचीत नाहींत, केवळ पाहतात. सरदारकी गेली, कुळें गेलीं, भाषा बदलली. उरली फक्त एक मुद्रा. अखेर कवि म्हणतो, कीं काळानें या दोघांचें रूपांतर एका असत्यांत केलें आहे. त्यांच्या मनांत फारसा नसलेला अर्थच त्यांची अखेरची ओळख होऊन बसला आहे. आणि आपल्याला जें जवळजवळ उपजतच खरें वाटतें, तें या मुद्रेमुळें जवळजवळ खरें ठरतें. हें सारें म्हणून झाल्यावर ती प्रसिद्ध ओळ येते.

हा क्रम ध्यानांत घेतला, कीं शेवटच्या ओळीचा स्वर बदलतो. ती शपथेवर दिलेली साक्ष नव्हे. मनुष्याला काय मानावेंसें वाटतें याची ती नोंद आहे. लार्किननें कवितेच्या हस्तलिखितावर स्वतःसाठीं एक टिपण केलें होतें. पुतळ्यांनीं शतकानुशतकें हात धरून ठेवले म्हणून प्रेम मृत्यूपेक्षां बलवान् ठरत नाहीं, असा त्याचा आशय आहे. तेव्हां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कवीनें स्वतःच दिलेलें आहे. त्या ओळीचा मोह त्याला होता. तिच्यावर श्रद्धा मात्र अर्धीच होती. हा मोह आणि ही अश्रद्धा या दोहोंना एकाच वाक्यांत नांदविणें, हें या कवितेचें खरें सामर्थ्य आहे. नुसता श्रद्धाळू कवि ही ओळ लिहितांना गोड गोड झाला असता, आणि नुसता संशयी कवि ती लिहूंच शकला नसता.

आतां तिसरा प्रश्न: थडगें काय म्हणतें? येथें टीकाकारांनीं कवीच्या कांहीं चुका दाखविल्या आहेत. कवितेंत हातमोजा डाव्या हाताचा आहे. थडग्यावर तो उजव्या हाताचा आहे. कवितेंत दोघांच्याहि पायाशीं कुत्रीं आहेत. थडग्यावर पुरुषाच्या पायाशीं सिंह आहे. आणि सर्वांत मोठा आक्षेप खुद्द त्या हातांवर आहे. १८४३ सालीं एडवर्ड रिचर्डसन या शिल्पकारानें या थडग्याचा जीर्णोद्धार केला. त्यापूर्वीं दोन्ही मूर्ति एकमेकींपासून वेगळ्या पडल्या होत्या आणि हातांचे भाग तुटून नाहींसे झाले होते. आज आपण जे जोडलेले हात पाहतों, ते चौदाव्या शतकांतील नसून रिचर्डसनच्या छिन्नीचे आहेत. कविता प्रसिद्ध झाल्यावर लार्किनला हें कळलें, आणि पुढें एका मुलाखतींत त्यानें त्याबद्दल आपला संकोचहि बोलून दाखविला. कित्येकांस हें कळल्यावर कवितेचा डोलाराच कोसळल्यासारखा वाटला. ज्या प्रेमाच्या खुणेनें कवि हेलावला, ती व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील एका कारागिराची करामत!

पण हा आक्षेप दिसतो तितका घातक नाहीं. स्त्रीमूर्ति मुळापासूनच पुरुषाकडे वळलेली होती. रिचर्डसननें तें पाहूनच हात जोडले, आणि १९८७ सालीं चिचेस्टरांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेंहि मूळ रचनेंत हात जोडलेले असावेत असाच निष्कर्ष काढला. अशी रचना त्या काळीं एकमेव नव्हती. वॉरिक येथील सेंट मेरीच्या चर्चमध्यें टॉमस बोशँप, जो १३६९ सालीं वारला, आणि त्याची पत्नी कॅथरिन हीं दोघें अशींच हातांत हात घालून निजलेलीं आहेत. जॉन ऑफ गाँट यानें आपली पत्नी ब्लँच हिच्यासह आपल्यासाठीं लंडनच्या जुन्या सेंट पॉल्समध्यें जें थडगें उभारलें, त्यावरहि हेंच दृश्य होतें. तें १६६६ च्या आगींत गेलें. ही ब्लँच आमच्या एलिनॉरची सख्खी भाची. तात्पर्य, हात नवे आहेत, पण हस्तग्रहण जुनें आहे.

मात्र या बचावानें एक नवीन अडचण उभी राहते, आणि माझ्या मतें तीच खरी अडचण आहे. हात जुने कीं नवे, यापेक्षां ते उजवे आहेत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लार्किननें हातमोजा डाव्या हाताचा म्हटला, ही वरवर पाहतां क्षुल्लक चूक. परंतु उजव्या हातांत उजवा हात घेणें ही त्या काळच्या युरोपांत प्रेमळ जवळीक नव्हती. तो विवाहविधि होता. वधूवरांनीं उजवे हात एकमेकांच्या हातीं देऊन वचन उच्चारलें, कीं विवाह झाला. आपल्याकडे ‘पाणिग्रहण’ हा शब्दच विवाहाचा वाचक आहे. तेव्हां मराठी वाचकाला ही गोष्ट फोडून सांगण्याची गरज नाहीं. चिलखतांतील हात मोजा काढून उघडा केला आहे, तो स्पर्शासाठीं जितका, तितकाच साक्षीसाठीं. जेसिका बार्कर यांनीं आपल्या ‘स्टोन फिडेलिटी’ या २०२० सालच्या ग्रंथांत अशा हात धरलेल्या थडग्यांचा विस्तारानें विचार केला आहे, आणि त्या मुद्रेमागें भावनेबरोबर कायद्याचे नि मालमत्तेचे प्रश्नहि कसे उभे असतात, हें दाखविलें आहे. ॲरंडलच्या अर्लाला आपला विवाह दगडांत सिद्ध करून ठेवण्याची गरज कां भासावी? याचें उत्तर त्याच्या चरित्रांत आहे.

१३२१ सालीं रिचर्डचें लग्न इझाबेल डिस्पेन्सर हिच्याशीं लावण्यांत आलें. वर सात वर्षांचा आणि वधू आठ वर्षांची, असें पुढें सांगण्यांत आलें आहे. इझाबेल ही ह्यू डिस्पेन्सर याची कन्या, आणि ह्यू हा दुसऱ्या एडवर्ड राजाचा अत्यंत लाडका दरबारी. संबंध मोठा होता. पण १३२६ सालीं राज्य उलथलें. ह्यूला देहान्त शिक्षा झाली, रिचर्डच्या बापाचाहि शिरच्छेद झाला. नवा राजा तिसरा एडवर्ड याच्या कारकीर्दींत रिचर्डनें आपलें घराणें पुन्हां वर काढलें. तेव्हां डिस्पेन्सरची कन्या ही त्याच्या संसारांतली जुनी, निरुपयोगी सोयरीक ठरली. १३४४ च्या डिसेंबरांत पोपकडून हा विवाह रद्द करवून घेण्यांत आला. दोघांनीं लहानपणीं भयापोटीं संमति दिली, वयांत आल्यावर ती नाकारली, आणि पुढें माराच्या धाकानें त्यांना एकत्र नांदावें लागलें, असें कारण दाखविलें गेलें. या न झालेल्या विवाहापासून झालेला एडमंड नांवाचा मुलगा तेव्हां सुमारें अठरा वर्षांचा होता. एका हुकुमानें तो अनौरस ठरला.

दोनच महिन्यांनीं, ५ फेब्रुवारी १३४५ रोजीं, राजाच्या उपस्थितींत रिचर्डनें एलिनॉरशीं विवाह केला. एलिनॉर ही लँकेस्टरच्या अर्लाची कन्या, तिसऱ्या हेन्री राजाची पणती, आणि जॉन बोमंट याची विधवा. शिवाय ती इझाबेलची सावत्र नात्यानें आतेबहीण लागत होती. या विवाहापासून झालेल्या मुलांनीं नांव काढलें. एक मुलगा बापामागें अर्ल झाला, तर दुसरा, टॉमस, पुढें कँटरबरीचा आर्चबिशप झाला. एडमंडनें आपल्यावरील अन्यायाविरुद्ध १३४७ सालीं तक्रार केली, आणि बापाच्या मृत्यूनंतरहि तो वारसा मागत राहिला. त्याला तो मिळाला नाहीं.

हा वृत्तान्त डोळ्यांपुढें ठेवून पुन्हां त्या दगडी हातांकडे पाहावें. ते काय म्हणतात? ‘हीच माझी पत्नी, हाच माझा विवाह.’ या ‘हीच’ आणि ‘हाच’ शब्दांत दुसरी एक स्त्री आणि दुसरा एक विवाह पुसला जात आहे. लार्किनच्या कवितेंत असत्याचा सारा दोष काळावर आहे; दांपत्य बिचारें निष्पाप, शिल्पकार केवळ मनमिळाऊ. मला वाटतें, येथें कवितेची दृष्टि थोडी उणी पडते. थडग्याचें असत्य काळानें निर्माण केलेलें नाहीं. त्याचा पाया खुद्द अर्लानें घातला होता. काळानें त्यावर केवळ कळस चढविला. चौदाव्या शतकांतील सत्ताधारी माणसांना स्मृति ही आपोआप उरणारी वस्तु वाटत नव्हती. ती हुकूमनामे, दानपत्रें आणि दगड यांनीं घडवावी लागते, हें ते पुरतें जाणून होते. लार्किनच्या कल्पनेंतील अर्ल एवढा साधाभोळा आहे, कीं त्यानें पोपचा हुकूम कधीं मिळविला असेल, असें वाटत नाहीं.

यावर कोणी विचारील, कीं कवीनें इतिहाससंशोधक व्हावें काय? मुळींच नव्हे. कविता सुंदर असली, तर हातमोजा डाव्या हाताचा असला तरी चालेल. पण जी कविता स्वतःच सत्य आणि असत्य हे शब्द उच्चारते, तिला त्या कसोटीला उतरविण्याचा हक्क वाचकाला आहे. शिवाय हा केवळ तपशिलाचा प्रश्न नाहीं. ‘उरतें तें प्रेम’ असें आपण म्हणतों, तेव्हां ज्यांच्याजवळ प्रेम होतें पण दगड नव्हता, त्यांचें काय उरलें, हें विचारणें आपलें काम आहे. चिचेस्टरचें थडगें पाहणारा यात्रेकरू एलिनॉरचें नांव घेऊन परततो. इझाबेलची त्याला आठवणहि होत नाहीं. प्रेम उरत नाहीं असें नाहीं. पण कोणाचें उरावें, हें बहुधा प्रेमाखेरीज दुसऱ्याच कोणी ठरविलेलें असतें.

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रिचर्ड आणि एलिनॉर यांच्यांत प्रेम नव्हतेंच, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. उलट असावें, अशीच चिन्हें आहेत. अर्ल हा त्या काळच्या इंग्लंडांतील अतिश्रीमंत माणसांपैकीं एक. अशा माणसाची अंत्ययात्रा म्हणजे शस्त्रधारी स्वार आणि मोठा लवाजमा. पण आपल्या मृत्युपत्रांत त्यानें लिहून ठेवलें, कीं मला लुइस येथें एलिनॉरच्या जवळ पुरावें, माझें थडगें तिच्या थडग्याहून उंच नसावें, स्वार, घोडे, थाटमाट कांहीं नको. तिच्या देहाभोंवतीं होत्या तशा पांच मशाली पुरेत. हे शब्द हिशेबी माणसाचे वाटत नाहींत. पत्नीहून उंच थडगें नको म्हणणाऱ्या सरदाराच्या मनांत कांहीं तरी खरें होतें. तेव्हां येथें प्रेम आणि स्वार्थ, हळवेपणा आणि अन्याय, एकाच माणसाच्या हातांत एकत्र आले आहेत, आणि तोच हात दगडांत कोरलेला आहे. लार्किनला हें ठाऊक असतें, तर त्यानें दुसरी कविता लिहिली असती. ती हिच्याहून चांगली झाली असती, असें मात्र मी म्हणणार नाहीं.

कारण या कवितेनें एक गोष्ट अचूक ओळखली आहे, आणि तिच्या चुका त्या गोष्टीचाच पुरावा होऊन बसल्या आहेत. पुढील पिढ्या वाचीत नाहींत, पाहतात, असें ती म्हणते. हातमोजा कोणत्या हाताचा, पायाशीं सिंह कीं कुत्रा, हें न तपासतां हातांच्या दृश्यानें हेलावून गेलेला तो प्रवासी कोण? तो कवितेंतील प्रेक्षकांपैकींच एक होता, म्हणजे लार्किन स्वतः. आणि कवितेच्या बेचाळीस ओळींतून शेवटची एक उचलून नेणारा वाचक कोण? तोहि त्याच रांगेंतला. अर्लानें आपल्या आयुष्यांतून पहिला विवाह वगळला. काळानें नांवें आणि कुळें वगळलीं. कवीनें सिंह वगळला. आणि वाचकानें कवीची शंका वगळली. प्रत्येकानें आपल्याला हवा तेवढा भाग ठेवून बाकीचा टाकून दिला, आणि शेवटीं हातीं राहिली ती एक निष्कलंक, गोड ओळ.

तरीहि ती ओळ फेकून द्यावी, असें मी कोणास सुचविणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं ती एकटी वाचूं नये. निदान तिच्या आधींची ओळ तिच्याबरोबर ठेवावी, जशी ती वेस्टमिन्स्टरच्या शिळेवर ठेवली आहे. म्हणजे त्यांतील ते दोन ‘जवळजवळ’ ऐकूं येतील. शक्य झाल्यास सारींच सात कडवीं वाचावींत. आणि ज्यांना चिचेस्टरला जाण्याचा योग येईल, त्यांनीं त्या जोडलेल्या हातांपुढें उभें राहिल्यावर, तेथें जिची मूर्ति नाहीं त्या इझाबेलचेंहि नांव एकदां मनांत घ्यावें.